हरणीची शर्यतगाडी : मिरजेतल्या प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घोडागाडीच्या शर्यती होतात, पण त्या सरळ पळण्याच्या. एक घोडा, एक हलकी गाडी, समोर डांबरी रस्ता नाहीतर मोकळं रान आणि बाजूने दुचाक्यांचा लोंढा. घोड्याचा जोर त्यात दिसतो, हाकणाऱ्याचं कसब फारसं दिसत नाही. डांबरावर नाल घसरतो आणि प्रत्येक टापेचा दणका सांध्यात जातो. मला वळणांची शर्यत जमवायची आहे, आणि तीही मातीवर.

रथांची शर्यत आज जगात वेगवेगळ्या रूपांत टिकून आहे. अमेरिकेत युटा, आयडाहो, वायोमिंग या भागात दोन घोड्यांचे हलके रथ पाव मैल, म्हणजे ४४० यार्ड, सरळ पळतात. तिथे सुरुवात बर्फावरच्या घसरगाड्यांनी झाली, चाकं नंतर आली. कॅनडात कॅल्गरीला १९२३ साली चार घोड्यांच्या चकवॅगनच्या (स्वयंपाकाचं सामान वाहणाऱ्या छताच्या गाडीच्या) शर्यती सुरू झाल्या. युरोपात ‘कम्बाइन्ड ड्रायव्हिंग’ ही घोडागाडी हाकण्याची वेगवेगळ्या टप्प्यांची स्पर्धा आहे. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना, १९६९-७०च्या सुमारास, त्याचे नियम बांधले गेले. त्यातली शंकूंची फेरी मला पटली. मैदानात शंकूंच्या जोड्या मांडतात, प्रत्येक शंकूवर चेंडू असतो, गाडी ठरलेल्या क्रमाने मधून काढायची. चेंडू पडला की ३ दंड, वेळ चुकली की वेगळा दंड. एक घोडी आणि एक रिकामं रान असेल तर हेच जमण्यासारखं आहे.

घोडी घरचीच. हरणी, काठेवाडी, पाच वर्षांची, उंची ५७ इंच. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. पाठीवर घेते, पण गाडीला कधी लागलेली नाही. शिकवायला आमच्या गल्लीतले मामू आहेत. त्यांनी मिरज स्टेशनवर जन्मभर टांगा चालवला. त्यांची अट एकच: “घाई करायची असेल तर मला बोलवू नको, बेटा.”

९ ऑक्टोबर

गाडी काढण्याआधी घोडी मोजली. हे उलटं करणारे बरेच दिसतात: गाडी तयार होते आणि मग घोड्याचा साज ओढून-ताणून तिला बसवतात.

मापं अशी: दांडी म्हणजे घोड्याच्या दोन्ही बाजूंना येणारा गाडीचा लांब दांडा. तिचं टोक खांद्याच्या हाडापाशी थांबलं पाहिजे, त्यापुढे गेलं तर वळताना मानेला टोचतं. आमच्याकडे ओढीचे पट्टे बांधायच्या जागेपासून टोकापर्यंत १९५ सें.मी. येतात. पुठ्ठ्यापाशी, म्हणजे घोडीच्या मागच्या भागापाशी, दोन दांड्यांमधली जागा ६४ सें.मी. पाठीवरच्या पट्ट्यातून दांडी लोंबते तिथे जमिनीपासून उंची ९७ सें.मी. टोकं थोडी बाहेर वळवायची, म्हणजे लगामाचे पट्टे त्यात अडकत नाहीत.

चाकांची बाहेरून बाहेर रुंदी किमान १२५ सें.मी. हा आकडा कम्बाइन्ड ड्रायव्हिंगच्या नियमातून घेतला. तिथे मॅरेथॉन, म्हणजे लांब पल्ल्याच्या टप्प्यात, एका घोड्याच्या गाडीला किमान १२५ सें.मी. रुंदी आणि किमान १५० किलो वजन लागतं. ती गाडी चार चाकांची असते, माझी दोन चाकांची, तरी रुंदीचा आधार तोच. अरुंद गाडी वळणावर एका चाकावर उठते.

बांधायची कल्पना रथाचीच: मागून उघडी, उभं राहून हाकायची, अमेरिकेतल्यासारखी.

२१ ऑक्टोबर

पहिला सांगाडा तयार. ४० मि.मी. चौकोनी पाइप, दांड्यांना दीड इंची गोल पाइप. चाकं जुन्या मोटारसायकलची, तारांची, १८ इंची. दिसायला सुंदर, हलकी, आणि भंगारात सहज मिळतात. आस लेथवर कातून घेतला, प्रत्येक बाजूला फक्त आतून आधार. सगळ्याचं वजन ७० किलोच्या आसपास.

२६ ऑक्टोबर

चाकं गेली. घोडी लावण्याआधी गाडी छोट्या ट्रॅक्टरमागे बांधली, वर वाळूची पोती ठेवली आणि रानात वळवायला सुरुवात केली. सरळ उत्तम चालली. वेगात दोन-तीन वळणं घेतल्यावर बाहेरच्या चाकाच्या तारा सैल पडल्या, मग रिम पापडासारखी मुरडली. उतरून पाहिलं तर आसही बाहेरच्या टोकाला वाकलेला.

कारण पुढच्या माणसासाठी नीट लिहितो. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर जोर नेहमी वरून खाली, तारांच्या पातळीत येतो. गाडी कलत नाही. वळणावर तिच्या चाकाला बाजूने ढकल बसते, आणि तो मार तारांचं चाक सोसत नाही. शिवाय मोटारसायकलच्या चाकाला दोन्ही बाजूंनी फोर्क धरतो, मी एकाच बाजूने टांगलं होतं. चाकांना दोन्ही बाजूंनी चौकट करता आली असती, पण बाहेरची चौकट शंकूला आणि खांबाला अडकते. तो मार्ग सोडला.

चाकांचे ३,२०० आणि लेथचे १,८०० पाण्यात. ट्रॅक्टरवर तपासलं म्हणून फक्त पैसे गेले. हरणी जुंपलेली असताना हे झालं असतं तर तिने पुन्हा गाडीकडे वळूनही पाहिलं नसतं. नवी गाडी कुणीही केली तरी पहिलं वळण घोड्याविना घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

३ नोव्हेंबर

भंगार बाजारातून जुन्या मारुती ८००चा मागचा अख्खा आस मिळाला, चाकं आणि ब्रेकच्या ड्रमसकट, ५,५०० रुपयांना. हाच उपाय ठरला. ही चाकं बाजूचा मार सोसण्यासाठीच बनलेली असतात, बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं, टायरांची बाहेरून रुंदी १३४ सें.मी. येते. सगळ्यात मोठा फायदा असा की हँडब्रेकची केबल याच ड्रमवर काम करते. ती केबल पायाच्या पट्टीला जोडली की गाडीला ब्रेक आला, तेलाची नळी नको, पंप नको.

तोटा वजनाचा. पूर्ण गाडी आता १४० किलोच्या घरात जाईल. सरळ पळण्याच्या शर्यतीत हे कुणी मान्य करणार नाही. पण वळणाच्या खेळात वजन खाली, आसापाशी असेल तर गाडी जमिनीला धरून राहते, आणि युरोपातल्या नियमाने १५० किलोची अट घातली आहे तीही काहीतरी बघूनच.

टायर-ट्यूब नवीन घेतल्या, ३,४००. जुन्यांना बाजूने भेगा होत्या.

१७ नोव्हेंबर

उभं राहून हाकायचा बेत सोडला. याचा मला खेद आहे, कारण रथाची सगळी ओढ त्या उभं राहण्यातच होती. पण काट्याने वेगळं सांगितलं.

दांड्यांच्या टोकाला धान्याचा लटकता वजनकाटा लावला आणि गाडीवर उभा राहिलो. सरळ उभं असताना टोकाला ६ किलो भार. लगाम खेचल्यासारखं मागे रेललो की भार शून्य, आणि मग दांड्या वर उचलायला लागल्या. याचा अर्थ घोडीच्या पाठीवर कधी वजन आदळणार, तर कधी पोटाखालचा पट्टा वर ओढला जाणार, प्रत्येक खड्ड्याला. दोन घोड्यांच्या रथात मधोमध एक लांब दांडा असतो, तो दोघांमध्ये टांगलेला असतो, म्हणून तिथे हाकणारा उभा राहू शकतो. एका घोड्याला दोन दांड्यांत घेतलं की हाकणाऱ्याचं वजन एका जागी बसलेलं हवं.

बसायची फळी बसवली. तिला खाली चार-चार भोकं पाडून पुढे-मागे सरकती केली. मी बसलो की टोकाला ३ किलो येतात, भाचा बसला की फळी एक भोक मागे, तरी ३ किलोच. हे जमवायला अख्खा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला. गाडीचं वजन १४० असो की १००, घोड्याच्या पाठीला कळतात ते हे ३ किलो.

पायासाठी पुढे आडवी पट्टी लागतेच, नाहीतर ब्रेक दाबताना माणूस फळीवरून पुढे घसरतो.

२४ नोव्हेंबर

साजाचं काम. मामूंचा जुना टांग्याचा साज माळ्यावर होता. चामडं वरून चांगलं, पण दुमडून पाहिलं तर दुमडीत तडे. असा पट्टा धावताना तुटतो. पाठीचा गादीचा भाग आणि झापडं तेवढी वापरली, तेल देऊन शिवण नवी केली. छातीपट्टा, ओढीचे पट्टे आणि मागचा पट्टा नवे करून घेतले, ६,५००.

मागच्या पट्ट्याबद्दल लिहायलाच हवं, कारण सरळ शर्यतीच्या गाड्यांना तो कित्येकदा नसतोच. उतारावर किंवा थांबताना गाडी पुढे येते, तेव्हा घोडं पुठ्ठ्याने या पट्ट्यावर रेलून तिला अडवतं. तो नसेल तर गाडी थेट मागच्या पायांवर आदळते. मोच्याने पहिल्यांदा फार खाली बांधला. हरणीला नुसतं चालवलं तर पट्टा मांडीवरून पायांत उतरायला लागला, तिने एक लाथ झाडली. मामूंनी शेपटीचं मूळ आणि मांडीचा सांधा यांच्या मधोमध धरून दाखवलं, तिथेच शिवून घेतला. आता तिला तो आहे हेसुद्धा जाणवत नाही.

तोंडातली कडी साधी, गुळगुळीत, जाड. काटेरी कडी घालायची सवय अजून काहींना आहे. जनावरांना ओझं आणि गाडीला वापरण्याबाबतच्या १९६५च्या केंद्रीय नियमांनी टोचणारी काठी, कडी, साज यांना बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तोंडात दुखत असलेलं घोडं वळण शिकत नाही, ते फक्त डोकं वर करून पळायला शिकतं.

३० नोव्हेंबर

गाडीचं काम चालू असताना हरणीचं शिक्षण रोज सकाळी चाललंय, ते एकत्र लिहितो.

आधी लांब लगाम लावून मागून पायी चालायचं. चल, थांब, डावीकडे, उजवीकडे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे उभं राहणं. मामूंचा भर त्या उभं राहण्यावर आहे. “जी उभी राहत नाही ती पळायच्या कामाची नाही,” असं ते म्हणतात, आणि ती स्वतःहून सुस्तावून मान खाली घालेपर्यंत थांबतात. मला हे वेळ घालवणं वाटत होतं. तीन आठवड्यांनी फरक दिसला: बांधावरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि कर्णे वाजवत गेला आणि ती जागची हलली नाही. सध्या गळीत हंगाम आहे, आवाजाची सवय लावायला याहून चांगला मोसम नाही.

मग जुना टायर दोराने ओढायला लावला. सुरुवातीला टायर तिला बांधलेला नव्हता. मी हातात दोर धरून बाजूने ओढत चाललो, म्हणजे बिचकली तर सोडून देता येतो. ती टायरकडे कान लावायचं थांबली, तेव्हाच पट्ट्याला बांधला.

१५ डिसेंबर

बांबूच्या दांड्या. दोन्ही बाजूंना एकेक बांबू बांधून, मागे टोकं जमिनीवर घासत, वळायला शिकवलं. ही पायरी मला कुठल्याही शर्यतवाल्याकडे दिसली नाही, आणि हीच सोडली तर पहिल्या जुंपणीला घोडं बिथरतं असं माझं मत झालंय. पाठीवर बसलेल्या माणसाखाली घोडं अंग वाकवून वळतं. दांड्यांमध्ये असताना त्याला पोटाला आडवी काठी लागते आणि पाय आडवे टाकत सरकावं लागतं. हरणी पहिल्यांदा काठी लागताच थबकली, नंतर काठीला ढकलू लागली. चार-पाच दिवसांत तिने स्वतःच पुढचे पाय ओलांडून टाकायला सुरुवात केली.

२२ डिसेंबर

जुंपली. दोन्ही बाजूंना एकेक माणूस मोरखीला (तोंडावर बांधायच्या, कडी नसलेल्या साजाला) दोर लावून, मामू लगामावर पायीच, गाडी रिकामी. क्रम असा: आधी दांड्या पाठीच्या पट्ट्यात, मग ओढीचे पट्टे, मग मागचा पट्टा, शेवटी पोटाखालचा. सोडताना बरोबर उलटा. गाडी तिच्याकडे ओढून आणायची, तिला गाडीत मागे ढकलायची नाही.

रान नांगरलेलं होतं ते मुद्दाम निवडलं. चिकणमातीत गाडी जड ओढते, घोडी पळाली तरी लवकर दमते. ती पळाली नाही. बांधापर्यंत गेली, थांबली, परत आली. तेवढ्यावर सोडली.

६ जानेवारी

दुडकी चाल सुरू केली आणि लगेच खांदा सोलवटला. उजव्या बाजूला छातीपट्ट्याखाली केस उडाले, कातडी लाल. आधी वाटलं चामडं नवं आहे म्हणून. खाली मेंढीच्या लोकरीची पट्टी लावली, काही उपयोग झाला नाही.

दोष गाडीत होता. ओढीचे पट्टे मी थेट सांगाड्याच्या दोन कड्यांना बांधले होते. चालताना घोड्याचा एकेक खांदा आळीपाळीने पुढे जातो. पट्टे पक्के बांधलेले असले की छातीपट्टा जागीच राहतो आणि खांदा त्याच्याखाली घासत राहतो. त्यासाठी मधोमध एका खिळीवर झुलणारी आडवी दांडी लागते, पट्टे तिच्या दोन टोकांना. मामूंच्या टांग्याला ती होती, पण ती लाकडाची आणि इतकी सवयीची की कुणाच्या बोलण्यातच आली नाही. पाइपचा तुकडा, एक जाड बोल्ट, ग्रीस, दोन तासांचं काम. खांदा भरून यायला दहा-बारा दिवस सुट्टी दिली, तेवढ्यात फक्त लांब लगामावर चालवली.

ब्रेकचंही याच दिवसांत केलं. डावा ड्रम आधी धरत होता, गाडी डावीकडे ओढायची. केबलच्या दोन फाट्यांमध्ये ताण सारखा करणारा स्क्रू बसवला.

२० जानेवारी

अपघात. जसं झालं तसं लिहितो.

सरावानंतर हरणी गाडीत उभी होती. मी पाण्याची बादली आणायला विहिरीकडे गेलो. भाच्याने तिला पाणी पिता यावं म्हणून झापडांसकट तोंडावरचा साज उतरवला. दांड्या, पट्टे सगळं लागलेलंच. झापडं गेल्यावर तिने मान वळवली आणि गाडी पहिल्यांदा अख्खी पाहिली. ती निघाली, तोंडात कडी नाही, धरायला काही नाही. रानाच्या टोकाच्या चरात डावं चाक अडकलं, दांडी वाकली, ती गुडघ्यावर आली आणि सुदैवाने तिथेच थांबली.

दुसरा दोष तिथे कळला. पट्ट्यांचे आकडे ताणाखाली उघडेनात. मामूंनी खिशातल्या चाकूने ओढीचा पट्टा कापला, तेव्हा ती सुटली. मागच्या पायाच्या सांध्याला खरचटलं होतं, हाडाला काही नाही. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो, जखम छोटी आहे म्हणून हे टाळू नका. भाच्याला काही झालं नाही. तो रात्री जेवला नाही, त्याला मामूंनी समजावलं. त्याला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता, मी नाही आणि मामूंनीही नाही. मामूंच्या हयातीत तो कुणाला सांगावा लागला नव्हता, सगळे टांगेवाल्यांच्या घरातले.

केलेले बदल:

गाडी पूर्ण सुटेपर्यंत तोंडावरचा साज उतरायचा नाही. पाणी पाजायचं तर आधी सोडायची.

झापडांच्या खाली मोरखी कायम, म्हणजे काही झालं तरी धरायला दोर राहतो.

जुंपलेल्या घोडीपुढे एक माणूस उभा असणार, त्याने जागा सोडायची नाही.

ओढीच्या पट्ट्यांना शिडाच्या होडीला लावतात तशा खेचताच सुटणाऱ्या कड्या, २,४०० रुपयांच्या. वाळूचं पोतं टांगून, ताणाखाली उघडतात का ते तपासूनच बसवल्या. गाडीवर धारदार चाकू म्यानात.

१६ फेब्रुवारी

जखम भरल्यावर गाडी नाही, पुन्हा टायर. ती टायरलासुद्धा घाबरत होती, मागे काही घासलं की पाठ ताठ करायची. मामू म्हणाले, “तिला वेळ मोजता येत नाही, तू पण मोजू नकोस.” झापडं काढून, मोरखीवर धरून, रिकामी गाडी दोघांनी तिच्या पुढून, बाजूने, मग मागून फिरवली. हे आम्ही सुरुवातीलाच करायला हवं होतं. झापडं ही सोय आहे, पण त्यांच्या भरवशावर घोड्याला गाडी दाखवायचीच राहून जाते. आज जुंपली, दोन फेऱ्या शांतपणे झाल्या.

२ मार्च

मैदान आखलं. काळी माती सुकून भेगाळली होती, भेगेत टाप अडकली तर पाय जातो. म्हणून फेरीच्या वाटेवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून पाणी मारलं, रोलर फिरवला. मुरूम बारीक चाळलेला घ्या, खडे राहिले तर खुराच्या तळव्याला लागतात. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो, त्याने तसंच सांगितलं.

रस्त्यावरचे प्लास्टिकचे शंकू, वर टेनिसचे चेंडू. सुरुवातीला शंकूंमधली जागा गाडीपेक्षा ५० सें.मी. जास्त ठेवली. चालीत सगळे पार, दुडकीत निम्मे चेंडू खाली. कारण शोधायला भाच्याला मागून व्हिडिओ घ्यायला लावला. मी शंकूकडे बघत होतो, आणि हात नकळत तिकडेच वळत होता. मामूंनी शंकूंच्या पलीकडे पुढच्या जोडीच्या मधोमध काठी रोवली आणि म्हणाले, “हिच्याकडे बघ, घोडी बघेल तिचं ती.” त्याच संध्याकाळी चेंडू पडायचे जवळजवळ थांबले. दुसरी गोष्ट, वळण शंकूच्या आधी पूर्ण झालं पाहिजे. घोडी मधून गेली म्हणजे गाडी गेली असं नाही, चाकं आतल्या बाजूने येतात आणि आतला शंकू घेतात.

१६ मार्च

जागा ३० सें.मी.वर आणली. फेरी नीट जमते, वेळही खाली येतोय. घोडी आता शेवटच्या वळणाला स्वतःच कान पुढे करते. चाबूक हातात असतो तो बाजूला टेकवून वळण सांगण्यापुरता.

उन्हाचं गणित बदललं. त्या १९६५च्या नियमांत स्पष्ट आहे: तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला लावायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. शर्यतीच्या कामाला हे किमान समजा. आम्ही सूर्य वर यायच्या आत सराव आटोपतो. फेरी झाली की जबड्याखालची नाडी मोजायची. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत तपासणीला ६४ची मर्यादा धरतात, तीच आम्ही घेतली: दहा मिनिटांत ६४च्या खाली आले नाहीत तर त्या दिवशी पुन्हा जुंपणी नाही. एकदा आले नाहीत, दमट सकाळ होती. सोडली, पाणी मारलं, सावलीत चालवली.

३० मार्च

बाहेरच्या दोन घोडागाड्या आल्या, दोघेही सरळ शर्यतीचे जुने खेळाडू. यायच्या आधी दोन्ही घोड्यांच्या रक्ताची ग्लँडर्सची तपासणी झालेली असावी असा मी आग्रह धरला. तो रोग माणसालाही होतो, घोड्याला उपचार देत नाहीत, मारावंच लागतं. एकाने नाराजी दाखवली, पण कागद घेऊन आला.

त्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा निम्म्या वजनाच्या आणि अरुंद. घोडे माझ्यापेक्षा नक्कीच वेगवान. पहिल्या फेरीत दोघांनीही चेंडू भराभर पाडले, एकाची गाडी तिसऱ्या वळणाला एका चाकावर आली आणि त्याने लगेच चाल कमी केली. दुपारपर्यंत दोघे शंकू सोडून माझ्या आसाची, मागच्या पट्ट्याची आणि झुलत्या दांडीची मापं घेत होते. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी मागचा पट्टा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “हा लावला तर उताराला घोडं मागे बघत नाही, होय?” नाही, बघत नाही. हरणीची फेरी स्वच्छ झाली, एकही चेंडू पडला नाही. वेळेत मात्र त्यांच्यातला धाकटा पुढे होता, ते चेंडू धरले नाहीत तर.

७ एप्रिल

ऊन वाढलं, गाडीचं काम थांबवलं. हरणीचे नाल काढले, सकाळी फक्त मोकळं चालणं. बेअरिंगं उघडून ग्रीस बदललं, डाव्या चाकाच्या सीलमधून माती आत गेली होती, सील बदललं. चामड्याला तेल देऊन साज आत ठेवला.

खर्च एकूण सुमारे ४७ हजार, गाडी आणि साज मिळून. शंकू, मुरूम, नाल आणि डॉक्टर वेगळे. वाया गेलेले साधारण साडेनऊ हजार: तारांची चाकं, लेथचा आस आणि पहिल्या सांगाड्याचा निम्मा भाग. मारुतीचा आस, सरकती फळी आणि झुलती दांडी यांपासून सुरुवात केली तर ३५ ते ३७ हजारांत हीच गाडी होईल. वेळेत मात्र कपात होणार नाही, घोडी जुंपणीला यायला तीन महिने लागतीलच.

पावसाळ्यानंतरचं काम: दांड्या पाइपऐवजी बाभळीच्या वाफवून वाकवलेल्या करून पाहणार, पाइप खड्ड्यात ताठ राहतो आणि झटका पाठीला देतो. धाकट्याने त्याच्या गाडीला रुंद आस घालायचं ठरवलंय, त्याला आमच्या सांगाड्याची मापं कागदावर काढून दिली आहेत. भाच्याला ऑक्टोबरपासून हरणीच्या लगामावर बसवायचं आहे, मामू पुढे उभे राहतील.